नागपूरच्या ठरावापासून तुरीच्या रांगेपर्यंत

जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि त्यात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. गावातल्या जमिनींची मालकी ज्याची त्याच्याकडे ठेवायची, पण कसायच्या एकत्र, अशी ती कल्पना होती. पंडित नेहरूंचा तिला मनापासून पाठिंबा होता. तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर ट्रॅक्टर फिरत नाही, म्हणून देशाचे पोट भरत नाही, ही समजूत तेव्हा दिल्लीत पक्की होती. त्याच अधिवेशनात उत्तर प्रदेशचे चरणसिंग उभे राहिले आणि त्यांनी ठरावाला जाहीर विरोध केला. आपल्याकडे जमीन कमी आणि हात जास्त आहेत, तेव्हा माणशी उत्पन्न मोजण्याआधी एकरी उत्पन्न मोजा, आणि एकरी उत्पन्नात आपल्या रानात राबणारा छोटा शेतकरी मागे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी त्यांनी त्यावर इंग्रजीत एक आख्खे पुस्तक लिहिले.

तीन वर्षांनी या मुद्द्याला अनपेक्षित दुजोरा मिळाला. पन्नाशीच्या दशकात सरकारने शेतीच्या जमाखर्चाच्या पाहण्या करून घेतल्या होत्या. ते आकडे तपासून अमर्त्य सेन यांनी १९६२ साली मुंबईच्या ‘इकॉनॉमिक वीकली’त दाखवले, की शेताचा आकार वाढत जातो तसे एकरी उत्पन्न बहुतेक ठिकाणी घटत जाते. घरची माणसे मजुरी न मोजता राबतात, बांधापर्यंत पेरतात, एक वाफाही पडीक ठेवत नाहीत, हे त्यामागचे मोठे कारण. या निष्कर्षावर पुढे अर्थशास्त्रज्ञांचे वाद झाले, पण मोठी शेती आपोआप जास्त पिकवते, हे गृहीत धरण्याची सोय त्यानंतर राहिली नाही.

महाराष्ट्राने मात्र याच सुमारास मोठ्या शेतीचा प्रयोग प्रत्यक्षात करून पाहिला. प्रवरा, गोदावरी, नीरा यांच्या कालव्यांवर खासगी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन हजारो एकरांचे ऊसमळे उभे केले होते. १९६१ च्या सीलिंग कायद्याने या जमिनी सरकारकडे आल्या. त्या मूळ मालकांना परत देता आल्या असत्या. पण सलग मळे मोडले तर उत्पादन घटेल आणि कारखान्यांना ऊस मिळणार नाही, अशी भीती होती. म्हणून १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले आणि ऐंशी हजारांहून अधिक एकर त्याच्या ताब्यात गेले. कालव्याचे पाणी, यंत्रे, अधिकारी, पगारी कामगार, सगळे होते. तरीही महामंडळ तोट्यात रुतत गेले, कामगारांचे पगार थकले, आणि खंडकरी शेतकरी आपल्याच जमिनीसाठी पिढ्यानपिढ्या मोर्चे काढत राहिले. जमिनी परत मिळायला २०१२ साल उजाडले.

याच प्रवरेच्या पाण्यावर, जवळच लोणीला, दुसरा प्रयोग झाला होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याने १९५० च्या अखेरीस गाळप सुरू केले. जमीन ज्याची त्याची, ऊस ज्याचा त्याचा, मोठा करायचा तो फक्त कारखाना. पुढे सहकारी साखरेचे राजकारण झाले, आणि उसाने पाण्याचा केवढा वाटा गिळला, हे दुष्काळी तालुके रोज भोगतात. ते मी विसरत नाही. पण मळा कोणी कसायचा आणि यंत्र कोणाच्या मालकीचे असायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे लोणीने सिद्ध केले होते. धान्याच्या बाबतीत ही समज आपण वापरलीच नाही.

१९६५-६६ चा दुष्काळ आला तेव्हा देशाचे धान्य उत्पादन एका वर्षात सुमारे ८ कोटी ९० लाख टनांवरून ७ कोटी २० लाख टनांवर कोसळले. १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले, त्यातले बरेचसे अमेरिकेचे. जहाज केव्हा सुटणार, हे वॉशिंग्टन ठरवत होते. त्या टंचाईच्या वर्षांत जे उभे राहिले ते आजही आपल्याला पोसते आहे: १९६५ सालचे अन्न महामंडळ, त्याच वर्षीचा कृषी मूल्य आयोग, आणि १९६६ साली मेक्सिकोहून आणलेले १८ हजार टन गव्हाचे बियाणे. सी. सुब्रमण्यम आणि स्वामिनाथन यांची नावे सगळ्यांना ठाऊक असतात. त्याच काळात दिल्लीत कृषी खाते सांभाळणारे नगर जिल्ह्याचे अण्णासाहेब शिंदे यांचे नाव आपणच फार घेत नाही.

हरितक्रांतीला कारखानदारी शेती म्हणणाऱ्यांना मला एक विचारावेसे वाटते. बियाण्याची पिशवी दोन एकरालाही चालते आणि दोनशे एकरालाही. खताचे पोतेही तसेच. हे तंत्र वाटून घेता येण्यासारखे होते, म्हणूनच ते पसरले. गहू मुख्यतः पंजाब-हरियाणातून आला आणि तिथली शेते देशाच्या सरासरीपेक्षा मोठी आहेत, हे खरे. पण पंजाबातलेही सरासरी खाते साडेतीन-पावणेचार हेक्टरांचे. अमेरिकी अर्थाने ती मोठी शेती नव्हेच. त्या शेतकऱ्याला पिकवण्याचे धाडस मिळाले ते विकत घेणारा ठरलेला होता म्हणून.

आपल्याकडे गव्हाची भूमिका संकरित ज्वारीने बजावली. १९६४ ला सीएसएच-१ हे वाण आले. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी पुण्यात शनिवारवाड्यावर दोन वर्षांत राज्य स्वयंपूर्ण करण्याची जाहीर हमी दिली आणि हायब्रीड गावोगाव पोहोचले. दाणे भरघोस आले. पण ताट बुटके, कडबा कमी, आणि खरिपात कणसे पावसात सापडली की ज्वारी काळी पडायची. भाकरीची चव घरोघरी नापसंत होती. मोहोळच्या मालदांडीची भाकरी आणि तिचा कडबा ज्यांना माहीत होता, त्यांनी हायब्रीड पेरले ते पोटासाठी. जनावराच्या तोंडचा चारा हा शेतीच्या हिशेबातला अर्धा भाग आहे, हे हायब्रीडचा प्रचार करणाऱ्यांनी फार उशिरा लक्षात घेतले.

मग १९७२ आले. लहान शेताची बाजू घेणाऱ्याने हे वर्ष टाळू नये, कारण त्या वर्षी कोरडवाहू शेत कोसळले आणि त्याच्यापाशी आधार काहीच नव्हता. लोकांनी अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाल्ली, मुलांनी सुकडी खाल्ली. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्यांत कालपर्यंत स्वतःच्या रानात पेरणी करणारे लाखो होते. मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले ते मजुरीमुळे, आणि वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचा १९७७ साली कायदा झाला. पाऊस हुकला तर छोट्या शेतकऱ्याला हाताला काम आणि पोटाला धान्य हवे, हे महाराष्ट्र तेव्हा शिकला.

त्यानंतरची पन्नास वर्षे वाटण्यांची आहेत. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातले सरासरी खाते ४.२८ हेक्टरांचे होते, २०१५-१६ मध्ये १.३४. ज्वारीचे क्षेत्र १९८० च्या आसपास साठ लाख हेक्टरांहून जास्त होते, आज ते वीस लाखांच्या आत आले आहे. तिची खरिपातली जागा सोयाबीन आणि कपाशीने घेतली. शेतकऱ्याने हे लोभाने केले असे म्हणणे अन्यायाचे आहे. सरकारचा काटा गहू-तांदळासाठी भरवशाने लागत होता, ज्वारीसाठी क्वचितच. रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ मिळू लागले. सोंगणीला माणसे मिळेनात. सोयाबीन निदान हातोहात विकले जात होते.

२०१६-१७ ची तूर या सगळ्याचा कळस ठरली. २०१५ मध्ये तूरडाळ २०० रुपये किलोच्या आसपास गेली, तेव्हा सरकारने पेरा म्हटले. शेतकऱ्यांनी पेरली. एका हंगामात देशातले तुरीचे उत्पादन सुमारे २६ लाख टनांवरून जवळपास ४९ लाख टनांवर गेले. मराठवाडा-विदर्भातल्या दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतांचा त्यात मोठा हात होता. एवढ्या चपळाईने पीक वाढवून दाखवणारी दुसरी कुठली यंत्रणा देशापाशी आहे? आणि त्याच वर्षी सुमारे ६६ लाख टन कडधान्ये आयातही झाली. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता, बाजारात तूर ४,००० च्या खाली गेली. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला. एप्रिल २०१७ मध्ये ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिवसेंदिवस रांगेत उभ्या होत्या, माणसे पोत्यांवर झोपत होती. मला त्या रांगांचा आजही संताप येतो, कारण शेतकऱ्यांनी देशाचे काम चोख केले होते आणि गोणपाट पुरवणे तेवढे आपल्याला जमले नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८-१९ मध्ये शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये मोजले. त्यातले मजुरीचे ४,०६३, पिकाचे ३,७९८. देशातली ८६ टक्के खाती दोन हेक्टरांच्या आतली आहेत. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून हाच धागा धरला होता: तोटा जमिनीच्या आकारात नाही, भावात आहे. खुल्या बाजारावरचा त्यांचा सगळा विश्वास मला पटत नाही, पण हे निदान पटते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू आणि तांदळाच्या शेजारी भरड धान्यही लिहिलेले आहे, किलोला १ रुपया दराने. २०२३ पासून ते सगळेच मोफत झाले. म्हणजे सोलापूर, बीड, धाराशिवच्या रेशन दुकानात त्याच जिल्ह्यांतली रब्बी ज्वारी देण्यासाठी नवा कायदा लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी खळ्यातून बाहेर पडते, तेव्हा तालुक्याच्या गावी काटा लागलेला हवा, बारदाना आधीच येऊन पडलेला हवा, आणि दहा पोती घेऊन आलेल्याचेही माप त्याच दिवशी व्हायला हवे.