रोमन जगातील परदेशी प्राणी : भूमीची साक्ष

रोमन साम्राज्यात दूरदेशीचे प्राणी कसे येत आणि त्यांचे पुढे काय होई, याची साक्ष ग्रंथांप्रमाणेच भूमीही देते.

सिसिली बेटावर पियात्सा आर्मेरिना येथे चौथ्या शतकातील एक प्रासाद आहे. त्याच्या सुमारे ६० मीटर लांब मार्गिकेच्या फरशीवर रंगीत दगडी तुकड्यांचे भव्य शिकारचित्र आहे. त्यात हत्ती, शहामृग यांना पकडून जहाजावर चढविले जात आहे. त्याच चित्रात एक अधिकारी राबणाऱ्या माणसाला मारतानाही दिसतो.

असे प्राणी रोमच्या आखाड्यांत मारले जात. इ. स. ८० मध्ये कलोसियमच्या उद्घाटनात ९,००० प्राणी मारल्याचे इतिहासकार कॅसिअस डिओ शतकाहून अधिक काळाने लिहितो. आकडा फुगविलेला असू शकेल. परंतु कलोसियमच्या गटारांत अस्वले व सिंहांसारख्या श्वापदांची हाडे खरोखरच सापडली आहेत. शिक्षा झालेल्या माणसांनाही रोमन आखाड्यांत श्वापदांपुढे टाकीत.

इजिप्तमधील तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरात मात्र निराळा पुरावा मिळतो. तेथील पाळीव प्राण्यांच्या दफनभूमीत भारतातून नेलेली माकडे काळजीपूर्वक पुरलेली आढळली. २०२२ मध्ये याच बंदरातील मंदिराच्या उत्खननात भगवान बुद्धांची संगमरवरी मूर्ती सापडली. भारताशी व्यापार करणाऱ्या या बंदरात मालाबरोबर श्रद्धाही पोहोचली होती.

उत्सवांचा गौरव लेखणीवाल्यांनी लिहिला. ज्यांच्या जिवावर ते उत्सव झाले, त्यांची नोंद हाडांत आणि फरशीवर उरली. इतिहास वाचताना आपल्या विद्यार्थ्यांनी या दोन्ही साक्षी तपासाव्यात.