उसाच्या चिपाडापासून वीज : सहवीजनिर्मिती प्रकल्पाची आखणी कशी करावी?

निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि कागल या परिसरातील शेतकऱ्याला गुऱ्हाळाचा परिचय नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. चरकातून रस निघतो, उरलेले चिपाड उन्हात वाळविले जाते आणि तेच चिपाड चुलवणात घालून काहिलीतील रस आटविला जातो. गुळासाठी बाहेरून लाकूड अथवा कोळसा आणावा लागत नाही. उसाचा गूळ उसाच्याच जळणावर तयार होतो. आपल्या पूर्वजांनी अनुभवाने सिद्ध केलेली ही काटकसर आधुनिक साखर कारखान्याच्याही मुळाशी आहे. फरक इतकाच की, कारखान्यातील त्याच जळणातून प्रथम वीज आणि नंतर रस आटविण्यासाठी उष्णता, असे दोन लाभ एकापाठोपाठ मिळू शकतात. यालाच सहवीजनिर्मिती असे म्हणतात.

बेळगाव जिल्हा हा साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. १९३९ साली उगार येथे स्थापन झालेल्या उगार शुगर वर्क्सपासून पुढे संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ, चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा असे सहकारी कारखाने या भागात उभे राहिले. सीमेपलीकडे कागलचा छत्रपती शाहू आणि बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा हे कारखाने याच नद्यांच्या पाण्यावर वाढलेला ऊस गाळतात. सहवीजनिर्मिती हा विषय त्यामुळे केवळ अभियंत्यांचा राहत नाही. सहकारी कारखान्यातील प्रकल्पासाठी काढलेले कर्ज अखेर सभासदाच्या उसातूनच फेडले जाते. यास्तव प्रकल्पाची आखणी कशी होते, हे सर्वसामान्य सभासदास समजणे अगत्याचे आहे.

एकाच वाफेची दोन कामे

केवळ विजेसाठी उभारलेल्या औष्णिक केंद्रात जळणातील उष्णतेपैकी साधारणतः एक तृतीयांश भागाचीच वीज होते. उरलेली बहुतांश उष्णता थंड पाण्याबरोबर आणि धुराबरोबर वाया जाते. साखर कारखान्यात मात्र ह्या ‘वाया’ जाणाऱ्या उष्णतेला गिऱ्हाईक घरातच असते. रस तापविणे, आटविणे आणि साखरेचे दाणे तयार करणे यांसाठी कमी दाबाची भरपूर वाफ लागते. म्हणून बॉयलरमध्ये जास्त दाबाची वाफ तयार करावयाची, तिने प्रथम टर्बाइन फिरवून वीज निर्माण करावयाची आणि दाब उतरलेली तीच वाफ रस आटविण्याकडे वळवावयाची, असा हा क्रम आहे.

ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्क शहरात १८८२ साली एडिसन यांनी सुरू केलेल्या वीजकेंद्रातील वाफ शेजारच्या इमारती उबदार ठेवण्यासाठी पुरविली जात असे. मराठी भाषिकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशस बेटावर उसाच्या चिपाडावर तयार झालेली वीज दीर्घकाळ देशाच्या वीजजाळ्यात मिसळत आली आहे.

आपल्याकडील जुने कारखानेही स्वतःपुरती वीज तयार करीत असत. परंतु त्यांचे बॉयलर २१ किंवा फार तर ४५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाचे होते. चिपाड साठून राहू नये, ते कसेबसे जाळून संपवावे, असाच त्या काळी हेतू असे. आता ६७, ८७ आणि ११० किलो दाबाचे बॉयलर वापरात आहेत. दाब व तापमान जितके अधिक, तितकी त्याच चिपाडातून जास्त वीज मिळते. २००३ च्या वीज कायद्याने सहवीजनिर्मितीस उत्तेजन देण्याचे काम राज्यांच्या वीज नियामक आयोगांवर सोपविले. त्यामुळे शिल्लक वीज विकण्याचा मार्ग मोकळा झाला.

पहिला प्रश्न : ऊस किती?

प्रकल्पाची आखणी यंत्रसामग्रीच्या किमतीपासून नव्हे, तर उसापासून सुरू करावयास हवी. उदाहरणादाखल दररोज २,५०० टन गाळप करणारा कारखाना घेऊ. दिवसाचे २२ तास प्रत्यक्ष गाळप धरले तर ताशी सुमारे ११४ टन ऊस गाळला जाईल. उसाच्या वजनाच्या सुमारे २८ टक्के ओले चिपाड, म्हणजेच बगॅस, निघते. ते ताशी जवळजवळ ३२ टन होईल. त्यातील काही भाग गाळणीसाठी व घट म्हणून सोडून ३० टन जळण हाती राहील असे मानू.

या बगॅसमध्ये निम्मे पाणी असते, ही गोष्ट विसरता कामा नये. एक किलो बगॅसपासून सुमारे २.२ किलो वाफ मिळते. अर्थात ३० टनांपासून ताशी ६६ टन वाफ मिळेल. साखरनिर्मितीसाठी उसाच्या वजनाच्या ४२ टक्के वाफ लागते असे धरल्यास ४८ टन वाफ तिकडे जाईल आणि १८ टन शिल्लक राहील.

आता विजेचा हिशेब पाहू. ६७ किलो दाबाची वाफ टर्बाइनमधून साखरनिर्मितीच्या कमी दाबापर्यंत उतरविली, तर सुमारे ६.२ किलो वाफेमागे एक युनिट वीज मिळते. तीच वाफ शेवटपर्यंत थंड करून तिचे पाणी केले, तर सुमारे ४ किलो वाफेमागे एक युनिट मिळते. यानुसार ४८ टनांपासून ७.७ मेगावॅट आणि उरलेल्या १८ टनांपासून ४.५ मेगावॅट, अशी एकंदर सुमारे १२ मेगावॅट वीज होईल. कारखाना व प्रकल्प यांची स्वतःची गरज सुमारे ४.५ मेगावॅट धरली, तर ७.५ मेगावॅट विक्रीस उरेल. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येक कारखान्याने आपल्या उसाचे, चिपाडाचे व वाफेचे प्रत्यक्ष मोजमाप करूनच ते मांडले पाहिजेत.

हंगाम आणि कर्ज

हंगाम १५० दिवस चालला तर वरील प्रकल्पातून सुमारे २ कोटी ४७ लाख युनिटे विकता येतील. हंगाम १०० दिवसांवर आला तर हाच आकडा १ कोटी ६५ लाखांवर उतरेल. कर्जाचा हप्ता मात्र १५० दिवसांचा असो वा १०० दिवसांचा, तेवढाच राहतो. तसेच युनिटमागे एक रुपया दर कमी झाला, तर पूर्ण हंगामात जवळजवळ अडीच कोटी रुपयांचे उत्पन्न घटते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या काठचा ऊस पाण्याखाली राहिल्याचे या भागाने पाहिले आहे. अवर्षणाची वर्षेही आपणास अपरिचित नाहीत. शिवाय एकाच शिवारातील उसासाठी दोन्ही राज्यांतील कारखाने स्पर्धा करतात. म्हणून सर्वांत चांगल्या हंगामातील गाळप गृहीत धरून प्रकल्प मोठा करणे शहाणपणाचे ठरत नाही. मागील दहा हंगामांची सरासरी आणि त्यांतील सर्वांत वाईट हंगाम, अशी दोन्ही चित्रे अहवालात शेजारी शेजारी मांडलेली असावीत. सौर विजेचे दर उतरल्यानंतर बगॅसवरील विजेस पूर्वीसारखा दर मिळेलच असे गृहीत धरता येत नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे.

टर्बाइन कोणते घ्यावे?

टर्बाइनचे मुख्यतः दोन प्रकार विचारात घ्यावे लागतात. पहिल्या प्रकारात सर्व वाफ साखरनिर्मितीकडेच जाते. हे यंत्र साधे व स्वस्त असते. त्यास थंड पाण्याचा मोठा व्याप लागत नाही. परंतु गाळप थांबले की वीजही थांबते. दुसऱ्या प्रकारात मधूनच हवी तेवढी वाफ साखरनिर्मितीसाठी काढून घेता येते व उरलेली शेवटपर्यंत वापरून तिचे पाणी केले जाते. यात वीज अधिक मिळते आणि शिल्लक चिपाडावर गाळप संपल्यानंतरही प्रकल्प काही काळ चालविता येतो. मात्र खर्च वाढतो आणि पाणी लागते. नदीत पाणी कमी असलेल्या उन्हाळ्यात ते कोठून आणावयाचे, याचे उत्तर आधीच तयार हवे. उसाच्या वजनाचा सुमारे ७० टक्के भाग पाणीच असतो. रस आटविताना निघालेले हे पाणी थंड करून पुन्हा वापरण्याची सोय आराखड्यातच असावी.

वाफेची बचत

नवे टर्बाइन घेण्यापूर्वी जुन्या घरातील गळती थांबविणे श्रेयस्कर होय. आपल्या उदाहरणातील कारखान्याने साखरनिर्मितीची वाफ ४२ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आणली, तर ताशी साडेचार टन वाफ मोकळी होईल. तिचा शेवटपर्यंत उपयोग केल्यास सुमारे ४०० किलोवॅट जादा वीज, म्हणजे १५० दिवसांत सुमारे १३ लाख युनिटे मिळतील. यासाठी रस आटविण्याची सुधारलेली भांडी, नळांवरील उष्णतारोधक आवरण आणि गरम पाण्याचा पुनर्वापर हे उपाय योजले जातात. चरकावर शेवटी मारलेले पाणी नीट पिळून निघाले नाही, तर चिपाड ओले राहते व जळणाचा जोर कमी होतो. बॉयलरची कार्यक्षमता अशा रीतीने चरकापाशीच ठरू लागते.

ज्या कारखान्यांत इथेनॉलचा प्रकल्प आहे किंवा होणार आहे, त्यांनी त्याची वाफ व वीज याच हिशेबात धरली पाहिजे. दोन प्रकल्पांचे दोन स्वतंत्र अहवाल केले, तर तेच चिपाड दोन ठिकाणी खर्ची पडलेले दिसते.

मागणीपत्रात काय असावे?

निविदा मागविताना केवळ ‘१२ मेगावॅटचा प्रकल्प’ असे लिहून भागत नाही. बॉयलरचा दाब, तापमान व ताशी वाफ, चिपाडातील ओलाव्याची मर्यादा, पूर्ण आणि निम्म्या भारावर एका युनिटमागे लागणारी वाफ, प्रकल्पाचा स्वतःचा वीजखर्च आणि ही वचने न पाळल्यास पुरवठादाराकडून करावयाची कपात, या सर्व गोष्टी स्पष्ट नमूद हव्यात. उच्च दाबाच्या बॉयलरला अत्यंत शुद्ध पाणी लागते. पाण्यातील क्षार नळ्यांत बसले की त्या फुटतात. म्हणून जलशुद्धीकरण यंत्रणेत काटकसर करू नये.

वीजजाळ्याची जोडणी हाही तितकाच महत्त्वाचा भाग आहे. बेळगाव जिल्ह्यात वितरणाचे काम हुबळी वीजपुरवठा कंपनीकडे, तर कोल्हापूर जिल्ह्यात महावितरणकडे आहे. जवळचे उपकेंद्र किती अंतरावर आहे, त्याची क्षमता किती आहे आणि वाहिनीचा खर्च कोणी सोसावयाचा, हे लेखी ठरल्याशिवाय यंत्रांची मागणी नोंदवू नये. बाहेरचा वीजपुरवठा अचानक खंडित झाल्यास प्रकल्प जाळ्यापासून अलग होऊन कारखाना स्वतःच्या विजेवर चालू राहील, अशी व्यवस्थाही अवश्य असावी.

धूर, राख आणि आग

चिपाडाची राख हलकी असते. ती वाऱ्याने शेजारच्या घरांवर व पिकांवर पसरते. ती अडविण्यासाठी विजेच्या साहाय्याने धूलिकण पकडणारी यंत्रणा बसविली जाते. ती केवळ बसविलेली नव्हे, तर चालू स्थितीत असावी. गोळा झालेली राख खतात मिसळून शेतात वापरता येते. साठविलेल्या चिपाडाच्या गंजीस आग लागण्याचा धोका मोठा असतो. म्हणून गंजींमध्ये अंतर, पाण्याचे नळ आणि रात्रीची राखण यांची तरतूद जागेच्या नकाशातच करावी लागते. बॉयलरची कायद्याने ठरविलेली तपासणी व प्रशिक्षित कामगार यांच्या बाबतीत कोणतीही सवलत असू शकत नाही.

सभासदाचा वाटा

विजेच्या उत्पन्नातून उसाला काय मिळणार, हा प्रश्न शेतकरी विचारतो आणि तो रास्त आहे. रंगराजन समितीने २०१२ साली साखर तसेच बगॅस, मळी व प्रेसमड या उपपदार्थांच्या मूल्याचा ७० टक्के भाग, किंवा केवळ साखरेच्या कारखाना-दराचा ७५ टक्के भाग उसाच्या किमतीपोटी द्यावा, अशी शिफारस केली. चिपाड ही शेतकऱ्याच्या उसाचीच वस्तू आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. दुसऱ्या बाजूस, कर्ज फिटेपर्यंत विजेच्या उत्पन्नाचा मोठा भाग हप्त्यांत जातो, हेही खरे आहे. ही दोन्ही सत्ये सभासदांपुढे आरंभीच मांडली गेली, तर पुढील काळात गैरसमजास जागा राहत नाही.

हुक्केरी तालुक्याने १९६९ साली ग्रामीण विद्युत सहकारी संघ स्थापून खेड्यापाड्यांत वीजवाटपाचे काम सहकाराने होऊ शकते, हे दाखवून दिले आहे. त्याच भूमीत विजेची निर्मितीही सहकाराने व डोळसपणे करता येईल. तांत्रिक सल्ल्यासाठी बेळगाव येथील एस. निजलिंगप्पा साखर संस्था आणि पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या संस्था उपलब्ध आहेत.

सर्वसाधारण सभेत प्रकल्पाचा ठराव मांडला जाईल, तेव्हा सभासदांनी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत : सर्वांत वाईट हंगामात हप्ता कोठून भरणार? वीजखरेदीचा करार किती वर्षांचा व कोणत्या दराचा आहे? सध्या वाफ किती टक्के लागते आणि ती किती कमी करणार? उन्हाळ्यात पाणी कोठून घेणार? कर्ज फिटल्यानंतर उत्पन्नातील वाटा उसाच्या दरात कसा धरणार? शिक्षकांनीही आपल्या वरच्या वर्गांतील मुलांकडून वर दिलेला हिशेब आपल्या गावच्या कारखान्याचे आकडे घालून करवून घ्यावा. साध्या गुणाकार-भागाकाराने तो सुटतो, आणि घरी गेल्यावर तो वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगता येतो.