सशाच्या पायाखाली काय असावे?

वाघोलीच्या गृहसंकुलांत राहणाऱ्या अनेक कुटुंबांना सदनिकेत कुत्रा पाळणे जिकिरीचे वाटते. मग मुलांच्या हट्टापायी ससा घरी येतो आणि बहुधा ज्या पिंजऱ्यातून आणला त्यातच पुढे राहतो. या पिंजऱ्याचा तळ तारेच्या जाळीचा असतो. लेंड्या व मूत्र खालच्या ट्रेमध्ये पडावे आणि साफसफाई सोपी व्हावी, एवढाच त्याचा हेतू. या सोयीची किंमत ससा आपल्या पायांनी मोजतो.

प्राण्यांच्या आजारांवर लिहिण्याचा अधिकार पशुवैद्यकांचा, मी माणसांचा डॉक्टर. तरीही हा विषय घेतला, कारण ससा असलेल्या घरांतील मुलांच्या त्वचेच्या व श्वासाच्या काही तक्रारींचे मूळ पिंजऱ्याच्या तळाशी सापडते.

कुत्र्या-मांजरांच्या पंजाखाली जाड गादी असते. सशाच्या तळव्याला ती नसते, तेथे केवळ दाट केसांचा थर असतो. मोकळ्या मातीवर चालताना त्याची नखे जमिनीत रुततात आणि वजन संपूर्ण पावलावर विभागले जाते. जाळीवर किंवा कडक, ओल्या पृष्ठभागावर तो भार टाचेच्या लहानशा भागावर एकवटतो. प्रथम तेथील केस झडतात, मग त्वचा लाल होते, पुढे जखम होऊन जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. ससा वेदना लपविणारा प्राणी आहे; घरच्यांना जाणवते ते एवढेच, की तो हल्ली फारसा उड्या मारीत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा त्याचे मागचे तळवे निरखून पाहावेत. झोपून असणाऱ्या रुग्णाच्या पाठीला पडणाऱ्या जखमांची आम्ही जशी रोज पाहणी करतो, तसाच हा प्रकार.

आपल्या माळरानावर दिसणारा ससा वेगळा. तो बिळात राहत नाही, गवताच्या आडोशाला बसतो आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षित आहे; तो घरी आणू नये. पाळीव ससा मूळचा युरोपातील, स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतील, बिळे खणणारा. पायाखाली मऊ, खणता येईल असे काही असावे ही त्याची गरज तिथून आलेली आहे.

तेव्हा पहिली गोष्ट, तळ भरीव असावा. जाळी काढता येत नसेल तर तिच्यावर जाड पुठ्ठा किंवा फळी बसवून वर चटई अंथरावी. आजकालच्या गुळगुळीत फरशीवर सशाचे पाय फाकतात, तेव्हा तो बाहेर मोकळा हिंडतो तिथेही सतरंजी हवी. जुनी गोधडी उत्तम, मात्र उसवलेले दोरे कापून टाकावेत. ससा ते कुरतडून गिळतो आणि आतड्याला अडथळा होतो. गोणपाटाचेही तेच. उन्हाळ्यात पारा ३० अंशांपुढे गेला की ससा अस्वस्थ होऊ लागतो, आणि पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत तो ४० च्या आसपास जातो. अशा वेळी पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा. ससा स्वतःच त्यावर पसरून बसतो.

आता अंथरुणाबद्दल. सुताराकडचा लाकडाचा भुसा स्वस्त पडतो म्हणून पुष्कळजण आणतात. तो कशाकशाचा, त्यात प्लायवुडचा डिंक किती, हे कळत नाही आणि त्याची बारीक धूळ ससा व मूल दोघांच्याही नाकात जाते. देवदार, पाइन यांच्या सुगंधी ताज्या सालपटांतील रसायने सशाच्या यकृतावर परिणाम करतात. मांजरांसाठी मिळणारी, ओली होताच गोळा बनणारी वाळू तर मुळीच नको. पोटात गेल्यास ती तशीच गोळा बनते. कडबा टोचतो. भाताचा किंवा गव्हाचा पेंढा चालतो, पण बुरशीचा वास येत असेल तर टाकून द्यावा. माझ्या मते सर्वांत सुटसुटीत उपाय म्हणजे ट्रेमध्ये वर्तमानपत्राचे अनेक थर किंवा कागदाच्या गोळ्या आणि त्यांवर भरपूर वाळलेले गवत. ससा एकच कोपरा शौचासाठी निवडतो; ट्रे तिथे ठेवून वरच्या बाजूला गवत टांगले, की बाकीचा पिंजरा बराच कोरडा राहतो.

कोरडेपणा हाच या साऱ्याचा गाभा. मूत्रातून अमोनिया वायू सुटतो. सशाचे नाक अंथरुणापासून दोन-चार बोटांवर असते आणि तो मुख्यतः नाकानेच श्वास घेतो. दगडखाणी आणि बांधकामांच्या धुळीने येथील दम्याच्या मुलांना आधीच त्रास होतो. त्यात बंद बाल्कनीतील पिंजऱ्याचा उग्र दर्प नको. ट्रे रोज बदलावा. टँकरच्या पाण्यावर भागणाऱ्या सोसायट्यांत रोज धुणे परवडत नाही, तिथे कागद अधिक सोयीचा. पावसाळ्यात ओल्या, माखलेल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात. शेपटीखालचा भाग रोज पाहावा.

मुलाच्या हातावर किंवा गालावर कडेला लाल, मध्ये निवळलेले गोल चट्टे उठले तर गजकर्णाची शंका घ्यावी. सशाच्या अंगावर केस गेलेले खवल्यांचे चकदे असतील तर बुरशी तिथूनच आलेली असू शकते. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नये. खाज थांबते आणि बुरशी पसरते. मुलावर उपचार सुरू असताना सशावर पशुवैद्यकांकडून उपचार व्हावेत आणि अंथरूण पूर्ण बदलावे, अन्यथा चट्टे परत उठतात.

एक इशारा मात्र ठासून देतो. सशाच्या पायाला जखम झाली म्हणून घरात उरलेले मुलाचे अमॉक्सिसिलिनचे सिरप त्याला पाजू नये. पेनिसिलिन गटातील औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट होऊन तो दगावतो. कुत्र्यांसाठीचा फिप्रोनिलचा गोचीड-फवाराही सशाला घातक.

गर्भवती महिला नेहमी विचारतात, सशाच्या लेंड्यांतून टॉक्सोप्लाझ्मा होतो का? नाही, तो धोका मांजराच्या विष्ठेतून असतो. ज्यांची प्रतिकारशक्ती कर्करोगाच्या उपचारांमुळे किंवा अवयवरोपणानंतरच्या औषधांमुळे घटली आहे, त्यांनी मात्र ट्रे साफ करण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. सशाच्या मूत्रातून काही सूक्ष्मजीव बाहेर पडतात. इतरांनी ट्रे बदलल्यावर हात साबणाने धुतले की पुरे. कोरड्या लेंड्या कुंड्यांतील फुलझाडांना थेट घालता येतात, त्यांचे उत्तम खत होते.