दारावरची भिंत तोलून धरताना

अहवाल वर्षात बाह्यरुग्ण विभागाचे पुढचे दार काही आठवडे बंद होते व रुग्णांना मागील दाराने यावे लागले. या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. एक लिंटेल बदलण्यास इतका काळ व इतका खर्च कशासाठी, असे काही देणगीदारांनी स्नेहपूर्वक विचारले. प्रश्न रास्त आहे, कारण या खर्चातून उभ्या केलेल्या बहुतेक वस्तू आज तेथे दिसत नाहीत.

लिंटेल म्हणजे दाराच्या माथ्यावरची, भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई. आमची तुळई सागवानी होती. गिलावा काढला तेव्हा तिचे एक टोक वाळवीने आतून पोखरलेले आढळले.

दारावरची सगळी भिंत तुळईवर बसत नाही. विटांची सांधेमोड नीट असेल, तर बराचसा भार कमानीसारखा दोन्ही बाजूंना उतरतो आणि तुळईवर साधारण त्रिकोणाएवढीच भिंत राहते. चार फुटांच्या दारावर हा त्रिकोण सुमारे साडेतीन फूट उंच भरतो. दीड फूट जाडीच्या भिंतीत त्याचे वजन जवळपास अर्धा टन होते. आमच्याकडे मात्र वरच्या स्त्री-कक्षाच्या जमिनीची एक तुळई नेमकी याच त्रिकोणात टेकलेली होती. म्हणून तो कक्ष आधी रिकामा केला आणि त्या जमिनीला खालून स्वतंत्र टेकू दिले.

त्यानंतर भिंतीकडे वळलो. लिंटेलच्या वर भिंतीत आरपार भोक पाडून त्यातून लोखंडी तुळई घालायची आणि तिची दोन्ही टोके भिंतीच्या आत-बाहेर जॅकवर टेकवायची, अशी ही रीत आहे. पहिली तुळई पाचरी ठोकून घट्ट बसल्याशिवाय दुसरे भोक पाडायचे नाही, हा नियम मिस्त्रींनी कटाक्षाने पाळला. शहाबादी फरशीखालची भर पोकळ असल्याने जॅकखाली जाड फळ्या टाकून भार पसरवला. जॅक भक्कम असूनही खालची जमीन बसल्यास भिंतीला तडा जातोच.

मग जुनी तुळई काढून दोन्ही बाजूंना किमान सहा इंच टेकण ठेवून सळयांचे काँक्रीट ओतले. येथे घाईचा मोह फार होतो. काँक्रीट दोन-तीन दिवसांत हाताला दगडासारखे लागते. तथापि भारतीय मानक ४५६ नुसार सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालचे टेकू सामान्यतः १४ दिवस ठेवावे लागतात. त्या दिवसांत रोज विचारणा होई, आम्ही रोज नकार देत असू. मुदत संपल्यावर नवे लिंटेल व वरची भिंत यांमधील फट जेमतेम ओलसर सिमेंट-वाळूने ठासून भरली. ही फट राहिली, तर टेकू काढताच भिंत तेवढी खाली उतरते. हा माल घट्ट झाल्यावरच जॅक थोडेथोडे सैल केले आणि मग भोके बुजवली.

काम सुरू होण्यापूर्वी दारालगतच्या दोन जुन्या भेगांवर अस्थिरोग विभागातील प्लास्टरच्या पट्ट्या चिकटवून तारीख लिहिली होती. भिंत किंचित हलली, तरी अशी पट्टी तडकते. दोन्ही पट्ट्या अद्याप अखंड आहेत. रंगकामात त्या झाकू नयेत, अशी सूचना आम्ही दिली आहे.