स्वयंसेवी संपादन आणि विज्ञान-तंत्रज्ञानविषयक वृत्त

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• स्वयंसेवी संपादन म्हणजे काय, ते सांगता येईल.
• विज्ञानवृत्ताची निवड, पडताळणी, लेखन आणि दुरुस्ती या पायऱ्या स्पष्ट करता येतील.
• दावा आणि सिद्ध झालेले तथ्य यांतील भेद मराठी वाक्यरचनेतून दाखवता येईल.
• असे काम दीर्घकाळ टिकवण्यासाठी कोणती पथ्ये आवश्यक असतात, याची चर्चा करता येईल.

१. प्रस्तावना

दैनिक वृत्तपत्राच्या संपादकीय विभागात उपसंपादकापासून संपादकापर्यंत एक उतरंड असते. प्रत्येकाला वेतन असते आणि कोणते काम कोणाचे, हे ठरलेले असते. याउलट, दिवसभर आपापला व्यवसाय सांभाळून, मोबदला न घेता, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बातम्या निवडणारे, तपासणारे आणि लिहिणारे गटही असतात. त्यांत शिक्षक असतात, अभियंते असतात, निवृत्त कर्मचारी असतात आणि तुमच्यासारखे नोकरी सांभाळून शिकणारे विद्यार्थीही असतात. अशा कामाला आपण 'स्वयंसेवी संपादन' म्हणू.

येथे एक प्रश्न सुरुवातीलाच विचारला पाहिजे. ज्याला वेतन नाही, त्याच्यावर वाचकाने विश्वास का ठेवावा? एखाद्या औषधाविषयीची अपुरी बातमी वाचून कोणी चालू उपचार थांबवले, तर ते काम हौसेचे होते, ही सबब पुरणार नाही. म्हणून वेतन नसले तरी शिस्त असावीच लागते. ती शिस्त कशी उभी राहते, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

२. परंपरा

विज्ञानवृत्ताच्या इतिहासात एकट्याच्या कष्टांवर उभ्या राहिलेल्या उपक्रमाचे ठळक उदाहरण सतराव्या शतकातील आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ६ मार्च १६६५ रोजी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक स्वतःच्या खर्चाने सुरू केले. युरोपभरच्या अभ्यासकांकडून त्यांना पत्रे येत. त्यांतील नव्या निरीक्षणांची निवड करणे, आवश्यक तेथे भाषांतर करणे आणि सार काढून छापणे, हे काम ते करीत. पत्र केव्हा आले याची नोंद राहत असल्याने, एखादी गोष्ट प्रथम कोणी सांगितली, हेही ठरवता येऊ लागले. १६६७ साली, युद्धकाळात, परदेशी पत्रव्यवहारामुळे त्यांच्यावर संशय आला आणि काही काळ त्यांना लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत राहावे लागले. सगळे काम एकाच व्यक्तीवर अवलंबून असले की काय धोका असतो, याचे हे जुने उदाहरण मानता येईल.

भारतात केरळ शास्त्र साहित्य परिषद १९६२ साली स्थापन झाली. तिने 'शास्त्रगती' हे नियतकालिक १९६६ मध्ये आणि मुलांसाठी 'युरेका' हे नियतकालिक १९७० मध्ये सुरू केले. मुंबईत १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. मराठीतून विज्ञानप्रसार करणे, हा तिचा हेतू. परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेतील एक प्रसंग संपादनाच्या दृष्टीने बोलका आहे. 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने स्पर्धेत आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. तिचे लेखक होते जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. परीक्षकांनी नाव न पाहता लेखन पाहावे, ही अपेक्षा त्यामागे होती. स्वयंसेवी संपादकानेही मजकूर कोणाचा, यापेक्षा तो कसा आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

३. वाचकांचा सहभाग : एक आधुनिक उदाहरण

अमेरिकेत १९९७ साली रॉब माल्डा या विद्यार्थ्याने 'स्लॅशडॉट' ही तंत्रज्ञानवृत्तांची जागा सुरू केली. तेथे बातम्या वाचक सुचवीत आणि मोजके संपादक त्यांतून निवड करीत. वाचकांच्या प्रतिक्रिया इतक्या वाढल्या की त्या चाळणे संपादकांच्या आवाक्याबाहेर गेले. तेव्हा हे काम वाचकांवरच सोपवण्यात आले. निवडक वाचकांना थोड्या मुदतीसाठी मोजके गुण दिले जात. ते गुण वापरून प्रतिक्रियेची पातळी उणे १ ते ५ या मर्यादेत वरखाली करता येई. ज्या चर्चेत आपण स्वतः मत मांडले, त्या चर्चेत गुण देता येत नसत. पुढे, दिलेले गुण योग्य होते का, हे तपासण्याचे कामही इतर वाचकांकडे आले.

या रचनेत तीन तत्त्वे दिसतात : अधिकार थोडा असावा, तो मुदतीचा असावा आणि त्याच्यावरही कोणाची तरी नजर असावी.

फेब्रुवारी २०१४ मध्ये मालक कंपनीने आणलेल्या नव्या मांडणीवरून वाचक नाराज झाले. त्यांनी आठवडाभराचा बहिष्कार पुकारला. त्यांतील काहींनी 'सॉयलेंटन्यूज' हा स्वयंसेवकांनी चालवायचा स्वतंत्र उपक्रम उभा केला. स्लॅशडॉटची संगणकप्रणाली पूर्वी सर्वांसाठी खुली करण्यात आली होती, म्हणून हे शक्य झाले. मजकूर आणि चर्चा वाचकांच्या, मालकी मात्र दुसऱ्याची, अशा स्थितीत 'हे नक्की कोणाचे?' हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. त्याचे उत्तर आरंभीच लिहून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

४. कामाच्या पायऱ्या

स्वयंसेवी गटाचे काम सामान्यतः पुढील क्रमाने चालते.

(अ) निवड : बातमी नवी आहे का, आपल्या वाचकाला तिचा उपयोग आहे का आणि ती तपासण्याइतके ज्ञान गटात कोणाकडे आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर बातमी बाजूला ठेवावी.

(आ) पडताळणी : प्रसिद्धिपत्रकावर न थांबता मूळ शोधनिबंधापर्यंत जावे. निबंधाचे अन्य तज्ज्ञांकडून परीक्षण झाले आहे की तो अद्याप मसुदा आहे? प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर? नमुना किती मोठा होता? खर्च कोणी केला? ही उत्तरे टिपून ठेवावीत.

(इ) लेखन : मूळ मजकुराचे भाषांतर करण्याऐवजी तो समजून घेऊन स्वतंत्र मराठीत मांडावा.

(ई) दुसरी नजर : ज्याने लिहिले, त्यानेच अंतिम मान्यता देऊ नये. आपली चूक आपल्याला सहसा दिसत नाही.

(उ) दुरुस्ती : चूक आढळल्यास मजकूर गुपचूप बदलू नये. काय चुकले, बरोबर काय आणि दुरुस्ती केव्हा केली, हे वाचकाला सांगावे.

५. एक वृत्त, दोन शीर्षके

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी 'एलके-९९' या पदार्थाविषयीचे मसुदे प्रसिद्ध केले. शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांपासून बनलेला हा पदार्थ सामान्य तापमानाला आणि सामान्य दाबाला अतिसंवाहक आहे, म्हणजे विजेला कोणताही रोध करीत नाही, असा त्यांचा दावा होता. तो खरा ठरला असता, तर वीजवहनाचे चित्रच पालटले असते. मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी झालेल्या चाचण्यांत अतिसंवाहकता आढळली नाही. विद्युत रोधात दिसलेली अचानक घट ही पदार्थात मिसळलेल्या तांब्याच्या सल्फाइडमुळे होती, असे स्पष्ट झाले. जर्मनीत तयार केलेले शुद्ध स्फटिक तर विसंवाहक निघाले.

आता पहिल्या दिवशी देता आली असती अशी दोन शीर्षके पाहा :

१) सामान्य तापमानाला अतिसंवाहक पदार्थ सापडला!
२) सामान्य तापमानाला अतिसंवाहकतेचा दावा, पडताळणी बाकी

पहिले शीर्षक ऑगस्ट महिन्यातच खोटे ठरले. दुसरे आजही खरे आहे, कारण दावा झाला होता आणि पडताळणी तेव्हा बाकी होती. दुसरे शीर्षक लिहिणाऱ्याला निकाल आधी ठाऊक असण्याची गरज नव्हती. आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही, एवढेच त्याने प्रामाणिकपणे सांगितले.

६. खात्रीचे व्याकरण

बोलीभाषेत ऐकीव माहिती सांगताना आपण सहज 'म्हणे' जोडतो : 'तो गावाला गेला म्हणे.' या एका शब्दाने बोलणारा खात्रीची जबाबदारी स्वतःकडे घेत नाही. प्रमाण लेखनात हे काम क्रियापदांची निवड करते. 'शक्यता वर्तवली', 'दावा केला', 'आढळले', 'सिद्ध झाले' ही खात्रीची चढती पायरी आहे. एका अभ्यासात 'आढळले' असेल, तर बातमीत 'सिद्ध झाले' लिहिणे ही केवळ शैलीची नव्हे, तर तथ्याची चूक होय.

परिभाषेबाबतही तारतम्य हवे. 'कृष्णविवर' हा शब्द मराठीत रुळला, कारण तो अर्थ दाखवतो आणि उच्चारायला सोपा आहे. जेथे असा शब्द नाही, तेथे रुळलेला परभाषी शब्द देवनागरीत लिहून त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा. एकाच लेखात एकदा 'प्राणवायू' आणि एकदा 'ऑक्सिजन' लिहून वाचकाला गोंधळात टाकू नये.

७. काम टिकवणे

स्वयंसेवी उपक्रम बंद पडण्याचे कारण बहुधा ज्ञानाचा अभाव नसते. दोनतीन माणसांवर सगळा भार पडतो आणि ती थकतात. 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण येथे लागू पडते : प्रत्येकाला वाटते की दुसरा पाहील आणि काम तसेच राहते. म्हणून पाळ्या लिहून ठराव्यात, नव्या माणसाला अनुभवी सहकाऱ्यासोबत काम द्यावे आणि रजा घेणे हा अपराध मानू नये. खर्चाचा हिशोब सर्वांपुढे असावा. ज्या संस्थेत आपण नोकरी करतो, तिच्याविषयीची बातमी आपण तपासू नये. मतभेद झाल्यास निर्णय कोणी आणि कसा घ्यायचा, हे भांडण होण्यापूर्वीच ठरलेले असावे.

८. सारांश

स्वयंसेवी संपादनात वेतनाची जागा विश्वास घेतो. तो मूळ स्रोताची तपासणी, दुसरी नजर, उघड दुरुस्ती आणि मोजूनमापून वापरलेली भाषा यांतून मिळतो. वाचकाला 'अजून ठरलेले नाही' असे सांगण्याचे धैर्य ज्या गटाकडे असते, त्याच्या 'हे ठरले आहे' या शब्दाला वजन येते.

तुमची प्रगती तपासा

१) लिहिणाऱ्यानेच अंतिम मान्यता का देऊ नये? दोन कारणे लिहा.
२) 'आढळले' आणि 'सिद्ध झाले' यांतील अर्थभेद स्वतःच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.
३) या आठवड्यातील वृत्तपत्रातून आरोग्यविषयक एक बातमी निवडा. तिच्या शीर्षकातील खात्री मजकुराला धरून आहे का, ते तपासा आणि आवश्यक वाटल्यास नवे शीर्षक सुचवा.