मण्यार चावलेले मूल यंत्रावरून केव्हा काढतात?

सोयाबीनची पोती घरात आली की त्यांच्यामागे उंदीर येतात आणि उंदरांच्या वासाने साप. आपल्या मुरुम-उमरगा भागात नाग, घोणस सारेच ओळखतात. पण मण्यार साप रात्री फिरतो आणि भुईवर निजलेल्या माणसाला चावतो. पुष्कळदा ना वेदना, ना सूज. पहाटे मूल पोट दुखते म्हणून उठते, ओकते, पापण्या उचलता येत नाहीत, बोलणे जड होते. अशा वेळी मारुतीच्या देवळात घालवलेला तास फार महाग पडतो. थेट रुग्णालय गाठावे. पुढे सोलापूरला हलवायचे झाल्यास १०८ची गाडीच घ्यावी. वाटेत श्वास मंदावला तर तीत पिशवी दाबून हवा देता येते.

मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण गावोगाव फिरताना यंत्रावरच्या मुलाविषयी इतके गैरसमज कानी येतात, की हे लिहावेसे वाटले.

मण्यारीचे विष मज्जातंतू आणि स्नायू जिथे जुळतात तिथे बसते. छातीचे स्नायू थांबतात. सर्पविषाची लस मोकळे विष निकामी करते, पण बिघडलेली टोके ती दुरुस्त करीत नाही. ती नव्याने तयार व्हायला दिवस लागतात. (लहान मुलालाही लस मोठ्या माणसाइतकीच लागते. मूल लहान म्हणून साप विष कमी सोडीत नाही.) तोवर श्वास यंत्राने द्यायचा. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा डॉ. इब्सेन यांच्या सांगण्यावरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे हाताने पिशव्या दाबल्या आणि पुष्कळ मुले वाचवली. आजचे यंत्र तेच काम करते.

आता नातेवाइकांनी नीट ऐकावे असे. या दंशात मूल डोळे उघडत नाही, बोट हलवीत नाही, बाहुल्याही प्रकाशाला दाद देत नाहीत. पाहणाऱ्याला वाटते, संपले. "नळ्या काढा, घरी नेतो," अशी घाई होते. पण आतून ते मूल जागे असू शकते आणि आईचा आवाज त्याला ऐकू येत असतो! त्याच्या उशाशी रडारड करू नये, नाव घेऊन बोलावे.

यंत्र सोडवण्याला डॉक्टर 'वीनिंग' म्हणतात. इंग्रजीत दूध तोडण्यालाही हाच शब्द आहे, आणि तो चपखल आहे. वासराचे दूध एकदम तोडले तर वासरू खंगते. इथेही तसेच. आधी सारा श्वास यंत्राचा. मग मूल स्वतः श्वास सुरू करते आणि यंत्र नुसता हात देते. मग तो आधारही कमी करतात. झोपेची औषधे उतरवतात. मूल डोके उशीवरून उचलून धरते का, नळीतून कफ ओढताना जोरात खोकते का, हे रोज पाहतात. मण्यारीच्या दंशात ही मान फार मोलाची खूण आहे.

नंतर अर्धा ते दोन तास आधार अगदी कमी ठेवून परीक्षा घेतात. बरगड्यांमध्ये खड्डे पडले, नाकपुड्या फुलल्या, घाम सुटला, बोटावरच्या चिमट्यातला प्राणवायूचा आकडा उतरला, तर यंत्र पुन्हा पूर्ववत. याला हार समजू नये. उद्या पुन्हा परीक्षा होते. नळी लवकर काढली तर पुन्हा घालावी लागते, आणि ते धोक्याचे. उशीर केला तर फुप्फुसात न्यूमोनिया होतो, स्नायू दुबळे होतात. म्हणून "आजच काढा" हा हट्ट धरू नये, पण "आज परीक्षा झाली का?" असे अवश्य विचारावे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

नळी काढण्याआधी काही तास नाकातून दिले जाणारे दूध बंद ठेवतात. काढल्यावर आवाज घोगरा येतो, घसा दुखतो. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला तर लगेच परिचारिकेला हाक मारावी. आणि मूल पहिल्यांदा "आई, पाणी" म्हणाले, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटभरही पाजू नये. गिळण्याचे स्नायू अजून कच्चे असतात, पाणी फुप्फुसात उतरते.

घरी आल्यावर त्याची झोपण्याची जागा बदलावी: बाज किंवा खाट, चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, आणि धान्याची पोती दुसऱ्या खोलीत.