बाबा, आज किती वेळा उठलात?

तुम्ही पुण्यात डेडलाइनशी झुंजताय आणि तिकडे भोकरदनला बाबा पॅरालिसिसच्या अॅटॅकनंतर घरी आलेत. सगळे म्हणतात, 'उठवू नका, आराम करू द्या.' इथेच घोडं अडतं! स्ट्रोकमध्ये इजा मेंदूला होते. पण न वापरल्याने पायाचे स्नायूही झिजतात. तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली, की मेंदू ती नव्याने शिकू लागतो.

फिजिओथेरपीसाठी रोज जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणं सगळ्यांना कुठे जमतं? म्हणून आधी फिजिओथेरपिस्टकडून तपासणी करून व्यायाम ठरवून घ्या. मग घर आहेच!

ब्रिजिंग : पाठीवर झोपून गुडघे दुमडा, तळपाय टेकवा. कंबर उचला, क्षणभर थांबा, सावकाश खाली आणा.

गुडघा सरळ : खुर्चीत ताठ बसून दुबळा पाय समोर सरळ करा.

ऊठ-बस : हातांची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा. पावलं थोडी मागे, अंग पुढे, दोन्ही पायांवर सारखा भार देत उठा.

टाचा वर : स्वयंपाकाच्या ओट्याला धरून दोन्ही टाचा उचला.

श्वास रोखू नका. दुबळ्या बाजूला कुणीतरी उभं हवंच. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर थेट १०८!

'व्यायामाने पाय आणखी ताठरेल' ही भीती जुनी झाली. योग्य व्यायामाने तसं होत नाही.

आणि तुमचं काम? रात्रीच्या फोनवर 'जेवलात का?'च्या जोडीला शीर्षकातला प्रश्नही विचारायचा. रोज!